न हाताळलेला अपवाद

चिखलीच्या बाजारात आडत्याने दिलेली सोयाबीनची पट्टी शेवटपर्यंत वाचण्याची सवय फार थोड्यांना असते. रकमेखाली, सहीच्या शेजारी, बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते : चूकभूल देणे-घेणे. मारवाडी पेढीची पावती असेल तर हीच ओळ 'भूलचूक लेनी-देनी' अशी येते. माझे वडील एका आडत दुकानात दिवाणजी होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वहीला हळदकुंकू लागायच्या आधी जुन्या वहीचा मेळ बसवायचा, आणि बसला नाही तर रात्र तिथेच काढायची, हे मी लहानपणापासून पाहिले. त्या ओळीचा अर्थ मी त्यांना एकदा विचारला होता. ते म्हणाले, हिशोब माणसाने लिहिलाय, चुकला असेल. ज्याला सापडेल त्याने यावे, आपण दुरुस्त करू. चूक कोणाची, हे त्या ओळीत कुठेच लिहिलेले नसते, हे माझ्या लक्षात यायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

मी संगणकाकडे वळलो. चिखलीत बसस्थानकाच्या मागे चार यंत्रांचा क्लास काढला. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीच्या लाटेत आमच्यासारखे क्लास तालुक्या-तालुक्याला उभे राहिले. त्यातच जोडधंदा म्हणून गावातल्या एका पतसंस्थेसाठी मी व्हिज्युअल बेसिकमध्ये हिशोबाचा प्रोग्राम लिहिला. खाती, ठेवी, पिग्मी, दिवसअखेर. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोष तिचा नव्हता. या लेखाचा विषय आहे प्रोग्राम अडखळल्यावर पडद्यावर उघडणारी ती छोटी चौकोनी खिडकी, आणि तिच्यावरचे वाक्य. त्या वाक्याचा इतिहास मी वाचू लागलो तो कुतूहलाने नव्हे. २००४ च्या दिवाळीआधी एका पिग्मी एजंटावर अपहाराचा आळ आला आणि तो माझ्यामुळे आला, म्हणून.

इतिहास संक्षेपाने सांगतो, कारण त्याचा पहिला भाग फारसा भूषणावह नाही. सुरुवातीच्या यंत्रांना वापरणारा आणि प्रोग्राम लिहिणारा ही दोन वेगळी माणसे असतात हे माहीतच नव्हते. युनिक्सवरच्या 'ईडी' या संपादकाला काही कळले नाही की तो फक्त एक प्रश्नचिन्ह छापत असे. बस्स. काय चुकले ते तुम्हीच ओळखा. त्याआधीच्या मल्टिक्स या प्रणालीत बर्नार्ड ग्रीनबर्ग नावाच्या प्रोग्रामरने, कधीच घडणार नाही अशा एका प्रसंगासाठी चक्क लॅटिनमध्ये संदेश लिहून ठेवला होता. अर्थातच तो प्रसंग एका ग्राहकाकडे घडला. 'हे कधी होणारच नाही' या समजुतीवर लिहिलेली वाक्ये नेमकी वाईट वेळी वाचली जातात. मी ते पुढे स्वतः अनुभवले.

अडचणींना पद्धतशीर नाव मिळाले ते 'एक्सेप्शन'. १९७५ साली जॉन गुडइनफ यांनी या विषयावर जो निबंध लिहिला तो आजही पाया मानला जातो. कल्पना सोपी आहे. प्रोग्रामच्या नेहमीच्या वाटेवर काही अडथळा आला, म्हणजे फाइल सापडली नाही, शून्याने भागायची वेळ आली, की काम थांबते आणि हाक दिली जाते : हे सांभाळणारे कोणी आहे का? ज्या तुकड्याने काम सोपवले त्याला आधी विचारतात, मग त्याला ज्याने सोपवले त्याला, असे वर वर. कोणीच पुढे आले नाही तर तो 'न हाताळलेला' अपवाद ठरतो, आणि त्या वेळी प्रोग्रामच्या हाती एकच गोष्ट उरते : खिडकी उघडून माणसाला काहीतरी सांगणे आणि बंद पडणे.

मराठीत आपण एक्सेप्शनला 'अपवाद' म्हणतो. नियमाला अपवाद, हा अर्थ अगदी बरोबर बसतो. पण या शब्दाला संस्कृतातून आलेला दुसराही अर्थ आहे, निंदेचा, ठपक्याचा. लोकापवाद म्हणतात तो. सीतेला रामाने सोडले ते लोकापवादापायी. पारिभाषिक शब्द घडवणाऱ्यांच्या मनात हा अर्थ बहुधा नसावा. माझ्या मनातून मात्र तो आता जात नाही.

घरोघरच्या संगणकांवर या खिडकीचे पहिले रूप गमतीचे होते. १९८३ च्या ॲपल लिसावर खिडकीतल्या बटणावर आधी 'डू इट' असे दोन शब्द होते. चाचणीला बसलेल्या काहींनी ते सलग वाचून त्याचा 'डोल्ट', म्हणजे मठ्ठ, असा अर्थ लावला. यंत्र आपल्याला मठ्ठ का म्हणते, असा त्यांचा प्रश्न होता. म्हणून तिथे 'ओके' आले आणि ते आजतागायत जगभर राहिले. पुढच्याच वर्षी मॅकिन्टॉश आला. त्यात सूझन केअर यांनी काढलेले वात पेटलेल्या बॉम्बचे चित्र होते. क्षमा मागणारे एक वाक्य आणि पुन्हा सुरू करण्याचे बटण. शेजारी 'पुढे चालू' असेही एक बटण असे, पण बहुतेक वेळा ते फिकट, न दाबता येणारे. मला ते बटण फार प्रामाणिक वाटते.

एमएस-डॉसचा फ्लॉपी वाचता न आल्यावरचा प्रश्न माझ्या पिढीने पाठ केला : सोडून द्यायचे, पुन्हा प्रयत्न करायचा की दुर्लक्ष करायचे? तिन्हींचे परिणाम काय, ते सांगायची पद्धत नव्हती. विंडोज ३.० ला 'सावरता न येणारी चूक' होती, ३.१ मध्ये तिची जागा 'जनरल प्रोटेक्शन फॉल्ट'ने घेतली. आणि १९९५ नंतर जगातल्या कोट्यवधी पडद्यांवर ते प्रसिद्ध वाक्य आले, की या प्रोग्रामने बेकायदा कृती केली असून तो बंद करण्यात येईल. 'इल्लीगल' हा प्रोसेसर बनवणाऱ्यांचा जुना शब्द. चिपला न समजणारी आज्ञा, एवढाच त्याचा अर्थ. कारखान्यातला शब्द कोणी न बदलता दुकानात आणून ठेवला, आणि दुकानात त्याचा अर्थ पोलीस ठाण्यातला झाला.

हे सगळे टाळता आले असते असे म्हणायला आधार आहे. विंडोज ९५ च्या तेरा वर्षे आधी, १९८२ मध्ये, मेरिलँड विद्यापीठातले बेन श्नायडरमन यांनी संगणकाच्या संदेशांवर लेख लिहून सांगितले होते की 'बेकायदा', 'प्राणघातक', 'अवैध' असले शब्द काढून टाका. वापरणाऱ्याला दोष देऊ नका. काय झाले आणि आता काय करता येईल ते नेमके सांगा. नुसता सल्ला नव्हता, प्रयोग करून पाहिले होते. संदेश नेमका असेल तर माणसे चूक लवकर दुरुस्त करतात. मऊ बोलण्यापेक्षा नेमके बोलणे महत्त्वाचे, असा मी त्याचा अर्थ लावतो. गोड बोलणारा पण काहीच न सांगणारा संदेश मला उद्धट संदेशाइतकाच निरुपयोगी वाटतो.

नेमकेपणाची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली ते थेरॅक-२५ च्या प्रकरणात. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या या यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना भयंकर जादा मात्रा मिळाली. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी पडद्यावर 'मालफंक्शन ५४' एवढेच आले. चालकाच्या पुस्तिकेत त्या आकड्याचा खुलासा नव्हता. यंत्र दिवसातून अनेकदा असे काहीबाही दाखवून थांबत असे आणि 'पुढे चला'साठी एक कळ दाबली की चालू होत असे. तिने सवयीने ती कळ दाबली. पडद्यावर मात्रा कमी गेल्याचे दिसत होते. आत प्रत्यक्षात उलटे घडले होते. तो रुग्ण काही महिन्यांनी गेला. रोज उठून खोटी आरोळी ठोकणाऱ्याचे गाव ऐकत नाही, हे लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराच्या गोष्टीत आपण शिकलेलोच असतो; पण त्या गोष्टीत दोष पोराला जातो. टायलरमध्ये दोष कोणाला द्यायचा? कळ दाबणारीला नक्कीच नाही.

आता माझी गोष्ट.

पतसंस्थेतल्या रोखपाल ताई मराठी माध्यमातून शिकलेल्या, हिशोबाला पक्क्या. प्रोग्राम लावल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी दिवसअखेर चालू असताना खिडकी उघडली : 'रन-टाइम एरर ९४, इनव्हॅलिड यूज ऑफ नल'. खाली ओके. ताईंनी अक्षर अक्षर लावून वाचले आणि मला फोन केला, "सर, हे नळाचं काय म्हणून राहिलं?" मी सांगितले, दाबा ओके. त्यांनी दाबले आणि प्रोग्राम बंद झाला. दोन तासांच्या नोंदी गेल्या. एक रकाना रिकामा राहिला होता, एवढेच कारण. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी मला बोलावले. म्हणाले, ही इंग्रजी पाटी पुन्हा आमच्या पडद्यावर दिसता कामा नये.

मी खरे तर तिच्या जागी मराठी पाटी लावायला हवी होती. ती का लावली नाही, त्याला एक तांत्रिक कारण होते आणि एक आळसाचे. व्हिज्युअल बेसिकच्या तयार संदेशखिडकीला युनिकोड कळत नसे. देवनागरी लिहिली की पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग उमटे. आमचे मराठी त्या काळी खास फाँटांत असायचे. फॉर्मवरच्या पाट्यांना तो फाँट लावता येई, संदेशखिडकीला लावता येत नसे. तिथे तेच मराठी 'च्' नाही की 'क' नाही अशा रोमन चिन्हांच्या चिवड्यासारखे दिसे. म्हणजे सगळा प्रोग्राम मराठीत, आणि माणूस घाबरलेला असताना जी एकच पाटी वाचतो ती इंग्रजीत. यावर उपाय होता : स्वतःची खिडकी बनवायची, तिला आपला फाँट लावायचा, आणि प्रत्येक जागी विचार करून वाक्य लिहायचे. त्याला आठवडा लागला असता. मी त्याऐवजी प्रत्येक कृतीच्या डोक्यावर एक ओळ टाकली. तिचा अर्थ असा : चूक झाली तर पुढच्या ओळीवर जा. तीन मिनिटांत काम झाले. पाट्या बंद झाल्या. व्यवस्थापक खूश होते, मीही.

पिग्मीच्या खात्यांना पाच आकडी क्रमांक होते. पहिला तीन हा योजनेचा, पुढचे चार अनुक्रमाचे. डेटाबेसातला रकाना मोठा होता, पण दिवसअखेरच्या माझ्या प्रोग्राममध्ये हा क्रमांक ठेवायला मी जो डबा घेतला होता तो सोळा बिटांचा. त्यात जास्तीत जास्त मावणारी संख्या ३२,७६७. अनुक्रमाने पाहिले तर २,७६७ वे खाते. तेवढी खाती होतील असे मला वाटले नव्हते.

त्या पावसाळ्यात ती झाली. बसस्थानक आणि भाजीबाजाराचा भाग सांभाळणारा एक तरुण एजंट होता, सायकलवर फिरणारा. नवी खाती जवळजवळ सगळी त्याचीच. ३२,७६८ क्रमांकाचे खाते उघडले त्या दिवसापासून त्याच्या यादीवर हे असे होऊ लागले : क्रमांक डब्यात मावत नाही, चूक होते, प्रोग्राम मुकाट्याने पुढच्या ओळीवर जातो. डब्यात राहतो तो आधीचा क्रमांक. पुढची ओळ रक्कम जमा करते, त्या आधीच्या क्रमांकावर. एकूण बेरीज बरोबर. रोकड बरोबर. महिनाअखेरीचा मेळही बरोबर. माझ्या वडिलांची पद्धत लावली असती तरी त्या वहीत काही सापडले नसते.

आणि त्याच्या यादीतला शेवटचा जुना क्रमांक होता त्याच्या आईच्या खात्याचा.

दिवाळीला पैसे काढायला म्हणून चहाची गाडी चालवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांच्या कार्डावर रोजच्या सह्या होत्या, खात्यात शून्य. मग दुसरा आला, तिसरा. सतरा खाती निघाली. सगळ्यांचे पैसे एकाच खात्यात, एजंटाच्या आईच्या. असा पुरावा समोर असल्यावर कोणाला काय शंका राहणार? त्याला कामावरून बसवले, लेखी खुलासा मागितला. त्यात 'अपहार' हा शब्द होता. चिखलीएवढ्या गावात असा शब्द कार्यालयात राहत नाही. दोन दिवसांत तो भाजीबाजारात पोहोचला होता.

मला बोलावले ते या व्यवहाराचे कागद छापून देण्यासाठी. सतरा क्रमांकांची यादी मी हातात घेतली तेव्हा पहिला आकडा वाचूनच माझे पाय गार पडले. ३२,७६८. ज्याने कधी प्रोग्राम लिहिला आहे त्याला हा आकडा घरच्या नंबरासारखा ओळखता येतो. मी ती ओळ काढून प्रोग्राम पुन्हा चालवला आणि लगेच खिडकी उघडली : 'रन-टाइम एरर ६, ओव्हरफ्लो'. उद्धट, इंग्रजी, रोखपालाला न समजणारी. पण ती पहिल्याच दिवशी उघडली असती, तर काम थांबले असते, मला फोन आला असता आणि त्या पोराचे नाव कोणाच्या तोंडी आले नसते. वाईट वाक्यापेक्षाही वाईट काय, तर वाक्यच नसणे, हे मी असे शिकलो.

त्यानंतर मी जे मिळेल ते वाचत गेलो आणि तेव्हा एरिआन ५ ची हकिकत मला भेटली. ४ जून १९९६. युरोपचे नवे कोरे रॉकेट मुख्य इंजिन पेटल्यानंतर सुमारे ३७ सेकंदांनी भरकटले आणि फुटले. कारण हेच : एक मोठी संख्या सोळा बिटांच्या डब्यात घालायचा प्रयत्न झाला. तो तुकडा जुन्या एरिआन ४ मधून जसाच्या तसा आणलेला, तिथे ती संख्या कधी एवढी मोठी होत नसे; आणि उड्डाणानंतर त्या गणिताची गरजही नव्हती. अपवाद उठला, तो हाताळायला कोणी नव्हते, दिशा सांगणारा संगणक बंद पडला. त्याच्या जोडीचा त्याच कारणाने आधीच पडला होता. बंद पडताना त्याने शिस्तीने आपल्या बिघाडाची माहिती तारेवर पाठवली. आणि मुख्य संगणकाने ती माहिती उड्डाणाचे आकडे समजून वाचली. रॉकेट वाकडे जातेय असे समजून त्याने नळकांडी पूर्ण वळवली. म्हणजे बिघाडाचा संदेश होता, वेळेवर पोहोचलाही होता. तो संदेश आहे हे ऐकणाऱ्याला ओळखता आले नाही. एवढ्या मोठ्या माणसांचे तेच चुकले जे माझे चुकले, याचा मला दिलासा वाटला असे म्हणालो तर खोटे होईल.

एजंटाच्या घरी मी आणि व्यवस्थापक दोघे गेलो. आईने चहा केला. मी कागदावर डबे काढून सगळे समजावले. तो शांत बसून होता. शेवटी एवढेच विचारले, "सर, त्या मशीनले हे माहीत होतं का?" मी म्हणालो, हो, रोज संध्याकाळी माहीत होत होते, मीच त्याला गप्प राहायला सांगितले होते. संस्थेने खुलासापत्र मागे घेतले, लेखी दिलगिरीही दिली. तो मात्र कामावर परत आला नाही.

मग तो राहून गेलेला आठवडा मी बसलो. काम थांबले तर अर्धवट जमा रकमा परत फिरवायच्या, हे आधी केले. ते नसेल तर कितीही चांगले वाक्य लिहून उपयोग नसतो. मग वाक्ये. पहिला मसुदा असा होता : 'त्रुटी आढळली. प्रक्रिया रद्द करण्यात आली आहे.' ताईंनी वाचला आणि विचारले, "त्रुटी कोणाले आढळली? आणि कोणाची?" प्रश्न अचूक होता. 'चूक' म्हटले की मराठीत चुकणारा लागतो. 'दोष'ही तसाच. 'त्रुटी' सरकारी अर्जातली, ती नेहमी अर्जदाराची असते. मी शेवटी 'अडचण' घेतला. आपल्या भाषेत यासाठी एक सुंदर सोय आहे. 'मी कप फोडला' आणि 'माझ्या हातून कप फुटला' यांत कप दोन्हीकडे फुटतो, पण दुसऱ्या वाक्यात माणूस आरोपी राहत नाही. आणि 'कप फुटला' म्हटले तर हातही बाजूला. यंत्राच्या तोंडी कोणते रूप द्यायचे हे लिहिणाऱ्याने ठरवावे लागते. पुण्यातून सुरू झालेल्या 'फ्युएल'सारख्या प्रकल्पांनी पुढे संगणकावरच्या मराठी शब्दांत एकवाक्यता आणायचे काम केले, ते मोलाचे आहे. पण मला अडलेली गोष्ट शब्दाची कमी आणि क्रियापदाची जास्त होती.

ठरले ते असे : 'हिशोब इथे थांबला आहे. खाते क्रमांक अमुक याची रक्कम जमा झालेली नाही. आजच्या यादीतली कोणतीही रक्कम जमा धरू नका. यादी व रोकड बाजूला ठेवा आणि फोन करा. अडचण प्रोग्राममध्ये आहे.' त्याखाली बारीक अक्षरांत इंग्रजी क्रमांक, माझ्यासाठी. 'तुमच्याकडून काही चुकलेले नाही' हे वाक्यही घाला असा ताईंचा आग्रह होता. मी घातले नाही. न हाताळलेला अपवाद म्हणजे प्रोग्रामलाच काय झाले ते ठाऊक नसते. ज्याची खात्री नाही ते त्याने सांगू नये. यावर आमचे एकमत शेवटपर्यंत झाले नाही. बटणावरून मात्र त्या जिंकल्या. मी सवयीने 'ठीक आहे' लिहिले होते. "सर, एवढं सगळं सांगितल्यावर काय ठीक आहे याच्यात?" म्हणून तिथे 'वाचले' आले.

२०१२ मध्ये संस्थेने दुसरी प्रणाली घेतली. तोवरच्या आठ वर्षांत ती खिडकी तीनदा उघडली. तिन्ही वेळा ताईंनी क्रमांक कागदावर उतरवला, यादीला टाचणी लावली आणि फोन केला. एकदा वीज गेली होती, एकदा डिस्क भरली होती. तिसऱ्या वेळचा कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याचे कारण मला अजून सापडलेले नाही.